सुपारी आली, अक्षत आली नाही

मी पाटोदा सोडलं त्या सकाळी माझा धाकटा भाऊ उत्तम बैलांच्या गळ्यातली घुंगरं सोडून ठेवत होता. गाडी लांब जायची असली म्हणजे माणसं घुंगरं बांधतात. तो सोडत होता, कारण नवऱ्यानं टाकलेली बहीण घरातून चालली आहे हे वेशीपर्यंत वाजत जायला नको होतं. मी गाडीत चढले तेव्हा आईनं एक पितळी परात माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "तिच्यावर नाव घालून घे. परमुलखात आपलं भांडं आपल्याला ओळखू यायला पायजे." वहिनी बाहेर आली नाही. तिनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "वन्सं, एका घरात दोन बाया शिजवू लागल्या तर घरधन्यानं कुणाचं खावं?"

उत्तमची लेक कौसा तेव्हा रांगत होती. तिच्या बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात नाव मीच सांगितलं होतं. आमच्या घरात मुलीचं नाव आत्या ठेवते आणि लग्नात पहिली हळदही आत्याच लावते. गाडी हलली तेव्हा उत्तम जुवावर हात ठेवून बोलला, मान वर न करता, "आक्का, कौसाच्या लग्नाला बोलावीन. तवा ये. आत्याच्या मानानं ये."

पाटोद्याच्या आयाबायांनो, आणि तुम्ही, माझ्यासारख्याच जालन्यापर्यंत गाडीत आणि पुढं आगगाडीत बसून हैदराबादला आलेल्या बायांनो, हे एकच वाक्य मी बरोबर घेऊन आले होते. परात नंतर ठेचली, वाकडी झाली. वाक्य तसंच राहिलं.

सुलतान बाजाराच्या मागं एका गल्लीत द्वारकाबाई नावाची अंबाजोगाईकडची बाई खानावळ चालवायची. आपल्या मुलखातले कारकून आणि शिकणारी मुलं तिच्याकडं जेवायची. मी तिथं भाकरी थापायला लागले. त्या मुलांनीच मला अक्षरं शिकवली. शिकवायच्या बदल्यात मी त्यांना तव्यावरची भाकरी पहिली वाढायचे, फुकट शिकले असं कुणी म्हणू नये. द्वारकाबाई थकली तेव्हा खानावळ माझ्याकडं आली. मग लोक विचारू लागले, "बाई, घरी मुंज आहे, कराल का?" मुंजीचं केलं, मग बारसं, साखरपुडा, मग लग्नं. राधा, सोना आणि आणखी चारसहा बाया जमल्या. कुणी टाकलेली, कुणी विधवा, कुणी नवरा असून नसलेली. शामियानेवाल्यांना, भांडीवाल्यांना, पाणक्यांना आमची नावं पाठ झाली. घरात 'जेवण' म्हणणारी मी बाहेर 'दावत' म्हणू लागले, पाव्हण्याला 'मेहमान'. एका हवेलीतला म्हातारा बावर्ची माझी देग, शिजवायचं ते थोरलं भांडं, बघून हसला होता, "बाई, इसको उठाने को मर्द लगता." मी म्हटलं, "उचलायला लागतो. शिजवायला न्हाई. तुमचे दोन मर्द द्या, उचलून ठेवतील आणि घरी जातील." तो पुढं कुणालाही माझंच नाव सांगायचा.

माझा स्वभाव तिखट आहे आणि तो या धंद्यात कामी आला. काम ठरवायला आलेल्या माणसाला मी आधी बसवायचे, चहा द्यायचे आणि मग उलटतपासणी घ्यायचे. लाकूड कुणाचं? ओलं निघालं तर? विहीर किती लांब? उरलेलं अन्न कुणाचं? माझ्या बाया पंगत उठल्यावर उभ्यानं खाणार नाहीत, त्यांची पानं मांडून होतील, हे कबूल? माणूस घाम पुसायचा. सगळं कबूल झालं की तो माझ्या तळहातावर सुपारी ठेवायचा आणि मी मूठ मिटायचे. ती मूठ मिटली की मागं फिरणं नाही. ओलं लाकूड असो, घरात सुतक पडो, मी चूल पेटवायचेच. लग्नघरातून नातलगाकडं बोलावण्याची अक्षत जाते. वाजंत्री, न्हावी, आचारी यांच्याकडं सुपारी जाते. हे हैदराबादला तसंच आहे, पाटोद्याला तसंच.

मग एका दुपारी उत्तम माझ्या ओट्यावर येऊन बसला.

इतक्या वर्षांनी मी त्याला पाहत होते. आई गेली तेव्हाही निरोप मला महिन्यानं पोचला होता. तो जाडा झाला होता, मिशा पिकल्या होत्या. मी त्याला पोटभर वाढलं. तो म्हणाला, "आक्का, तुझ्या हाताला अजून आईचीच चव हाय." हात धुऊन बसला आणि म्हणाला, "कौसाचं लगीन ठरलं. पाटलाघरचं स्थळ हाय. लई मानूस येनार." त्यानं उपरण्याची गाठ सोडली, माझा हात हातात घेतला आणि त्यावर सुपारी ठेवली.

आणि माझी मूठ मिटली. इतकी वर्षं त्या मुठीला एकच काम ठाऊक होतं. तोंडही आपोआप सुरू झालं. लाकूड कुणाचं? विहीर कुठली? बायांची पानं मांडणार? तो प्रत्येकाला "हो आक्का, हो आक्का" म्हणत गेला. एकाही गोष्टीला अडला नाही. जो माणूस काहीच घासाघीस करत नाही, त्यानं मनात काहीतरी वेगळं ठरवलेलं असतं, हे मी नव्या बायांना शिकवते. त्या दिवशी मला ते दिसलं नाही, कारण समोर भाऊ होता.

तो गेल्यावर राधानं विचारलं, "आक्का, अक्षत कुठं ठिवली?"

"मला कशाला अक्षत? मी आत्या हाय. घरच्या मानसाला कुनी बोलावनं देतं का?"

 राधा पुढ्यातली मेथी निवडत राहिली.

मी कौसासाठी पैठणची साडी घेतली. हळदीसाठी चांदीची वाटी घेतली. पाटोद्याला पोचल्यावर उत्तमनं आम्हाला घरात नेलं नाही. मांडवामागं कापडी आडोशाची कनात लावून चुलखंड केलं होतं, तिथं नेलं. मला वाटलं, देगा मोठ्या आहेत म्हणून. लाकूड कोरडं होतं, पाणी भरून ठेवलं होतं. सगळं बोलल्याप्रमाणं.

हळदीच्या दिवशी मी बुंदीचं पीठ भिजवत होते. पलीकडून बायकांची हाक आली, "आत्याबाईला बोलवा, पहिली हळद लावायची हाय." मी हात धुतले, पदर खांद्यावर घेतला, पिशवीतून वाटी काढली. कनात बाजूला केली तर पाटाशी सिरसाळ्याची आमची चुलत बहीण बसली होती. तिची बोटं कौसाच्या गालावर होती.

मी पुढं पाऊल टाकलं. उत्तम आडवा आला. हळू बोलत होता, पाहुणे जवळ होते.

"आक्का, मागं हो. पोरीच्या सासरी सांगितलंय की तिला सख्खी आत्या न्हाई."

"मी मेले व्हय रे?"

"टाकलेल्या आत्यानं हळद लावली तर पाटील लगीन मोडतील. कशापायी पोरीचं वाटोळं करतीस? आन् तू सुपारी घेतली ना माझ्याकडून? सुपारीच्या मानसाला हळदीला कसं बसवू?"

मी हैदराबादेत मोठमोठ्या लोकांना बोलण्यात गप्प केलं आहे. इथं त्यानं माझाच कायदा माझ्यापुढं ठेवला होता. चुलीत पाणी ओतून निघून जावं असं वाटलं. नवरदेवाकडचं गावभर माणूस दुसऱ्या दिवशी जेवायला येणार होतं. उपाशी परतलं असतं तर नाक कौसाचं कापलं गेलं असतं, उत्तमचं नाही. हेही त्यानं हिशेबात धरलं होतं. आणि मूठ मिटलेली होती.

मी कनात सोडली. राधानं माझ्या हातातली वाटी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं चालू झाली तेव्हा माझ्या हातात झारा होता आणि कढईत तेल उकळत होतं. अक्षता वाटणारा माणूस कनातीपर्यंत आला, आत डोकावला, "हितं आचारीच हायती," म्हणाला आणि परत फिरला. मग सगळा मांडव एकदम ओरडला आणि ताशे वाजले.

पंगती उठल्यावर कौसा नवऱ्याबरोबर सगळ्यांच्या पाया पडत फिरली. आमच्याकडंही आली, चांगल्या वळणाची पोर आहे. म्हणाली, "आचारीनबाई, बुंदी लई झ्याक झाली. सासूबाई तुमचं नाव विचारत होत्या." मी तिच्याकडं पाहिलं. आईचं कपाळ होतं. मी म्हटलं, "हैदराबादची आचारीण म्हन, तेवढं पुरे." वहिनीनं सगळ्या बायांबरोबर माझ्याही हातावर एक खण ठेवला. बायांची पानं मांडली होती, शब्द पाळला होता. मी जेवले नाही.

साडी राधाच्या लेकीला दिली. हळदीची वाटी अजून माझ्याकडं आहे, तिच्यात मीठ ठेवते.

तुमच्यातल्या कुणी मला विचारता, आक्का, गावाकडं जावंसं वाटत नाही का? वाटतं. पाटोद्याच्या बाजारातली चिंच, बिंदुसरेच्या काठची वाट, वेशीतल्या दगडावर बसलेली माणसं, सगळं दिसतं. पण त्या गावात शिरायला मला आता एकच वाट आहे, आणि ती कनातीच्या मागून जाते. ती बंद केली तर दुसरी कुणी उघडणार नाही. इथं माझ्या ओट्यावर रोज कुणाचं तरी माहेर जेवून जातं. ते माझं नाही. दोन्हीकडं मी वाढणारीच.

परवा पाटोद्याहून एक माणूस आला. उत्तमच्या पोराचं लग्न ठरलं आहे. त्यानं हात पुढं केला. मी यावेळी मूठ मिटली नाही, आधी विचारलं, "काय आणलंय?"

तो गोंधळला. "सुपारी, आक्का. दुसरं काय असनार?"

राधा दारात उभी राहून पाहत होती. मी हात पुढं केला, सुपारी घेतली आणि विचारलं, "लाकूड कुणाचं?"