डाव्या डोळ्याचे तीन अहवाल

माझ्या पत्नीच्या डाव्या डोळ्याविषयी मी एकंदर अकरा पत्रे लिहिली. त्यांतले एकही तिला उद्देशून नव्हते, हे ती गेल्यावर माझ्या लक्षात आले.

त्या डोळ्यातून सतत पाणी येई. दुखणे नव्हते, लाली नव्हती, नुसते पाणी. कापसाची ती वाईट वर्षे होती. बाभुळगावच्या आसपास दर महिन्या-दोन महिन्यांनी जीव दिलेल्या कुणा शेतकऱ्याच्या घरी भेटायला जावे लागे. माझी पत्नी अशा घरी फारसे बोलत नसे, जवळ बसून राही, आणि तिथल्या बायकांना तीच हवी असे. एकाएकी तिने जाणे बंद केले. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "मी गेली का त्यायचं रडनं पुन्हा सुरू होते. त्यायले वाटते, मी रडून राह्यली. अन् मी तं रडतच नाही. खोटं वाटते मले." डोळा बरा व्हायला हवा होता तो एवढ्यासाठी.

यवतमाळच्या नेत्रतज्ज्ञांनी आम्हाला नागपूरला पाठवले. तिथे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील बारीक छिद्रातून औषध सोडून एक्स-रे काढले. डोळ्यातले पाणी ज्या वाटेने नाकात उतरते, ती कुठे अडली आहे ते त्यात दिसायचे होते. नागपूरचा अहवाल आला: अश्रूंच्या पिशवीखाली मार्ग पूर्ण बंद. तीच फिल्म पाहून यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, बंद नाही, अरुंद आहे. अमरावतीच्या तिसऱ्यांनी अडथळा पिशवीच्या वर असल्याचे लिहून दिले. पहिले खरे असेल, तर नाकालगतचे हाड कोरून नवी वाट करायची. दुसरे खरे असेल, तर कदाचित काहीच करायचे नाही. तिसरे खरे असेल, तर शस्त्रक्रियाच वेगळी. डोळा एक, फिल्म एक, आणि तिघेही तितक्याच ठाम अक्षरात सही करणारे!

माझी हयात न्यायालयात लिपिक म्हणून गेली. परस्परविरोधी साक्षी मला नव्या नव्हत्या. इथे मात्र त्यांची उलटतपासणी होत नाही, याचा मला संताप होता. नेरच्या खरेदी केंद्रावर सकाळी वरच्या प्रतीचा ठरलेला कापूस दुपारी दुसऱ्या ग्रेडरच्या हातात खालच्या प्रतीचा झालेला मी पाहिला होता. एकाच ढिगातले नमुने दोघांना द्यावेत आणि एकाचा निकाल दुसऱ्याला कळू देऊ नये, अशी लेखी मागणी मी तेव्हा केली होती. कुणी दखल घेतली नाही. तीच रीत मी आता डॉक्टरांना लावली. फिल्मवरच्या नावावर कागद चिकटवला, अहवाल घरी ठेवले आणि तीन आठवड्यांनी एका ओळखीच्या गृहस्थांच्या हाती ती यवतमाळच्या त्याच डॉक्टरांकडे पाठवली. या खेपेस ते म्हणाले, "पूर्ण बंद."

मला राग आला, आणि कबूल करतो, आनंदही झाला.

"सापडले!" घरी येऊन मी म्हणालो. "त्यांनी स्वतःचाच निकाल फिरवला."

ती भाकरी थापत होती. "मंग? पानी थांबलं का?"

"अवं, मुद्दा तो नाही."

"माह्या डोयातलं पानी कोनाच्या बाजूनं साक्ष देऊन राह्यलं, तेवढं सांगा वकीलसाहेब."

मी डॉक्टरांना पत्र लिहिले: आपल्या दोन निकालांपैकी आपण कोणता कायम ठेवता? त्यांचे उत्तर स्वतःच्या हातचे होते. वाट साफ मोकळी किंवा साफ बंद असली, तर आमचे बहुधा एकमत होते. मधल्या अवस्थेत होत नाही, कधी कधी स्वतःशीही होत नाही. फिल्म पुन्हा पाठवू नका, पेशंटला आणा.

मी ते उत्तर कबुलीजबाब म्हणून फाइलला लावले आणि त्याच्या प्रती उरलेल्या दोघांना पाठवल्या. त्यातले शेवटचे वाक्य पत्नीला दोन महिने सांगितले नाही. त्या दोन महिन्यांत दोन घरी तिचे जाणे राहिले.

अखेर तिला घेऊन यवतमाळला गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, थोडे थांबले आणि तिलाच विचारले, "घशात काही लागतं का?"

"कडू लागते. पहिले थेंब टाकले तवापासूनच लागते."

"हे आधी सांगितलं नाही?"

"मले कोनी इचारलंच नाही," ती म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. मी मांडीवरची फाइल सरळ केली.

मग त्यांनी बारीक नळीने पाणी सोडले, तेही घशात उतरले. वाट बंद नव्हती. खालची पापणी सैल पडल्याने सगळे पाणी छिद्रापर्यंत पोचत नव्हते. पापणी ताणून घेता आली असती. ती म्हणाली, राहू द्या.

परतीच्या एसटीत बाभुळगावच्या अलीकडच्या थांब्यावर ती उठली. त्या दोन घरांपैकी एक तिथे होते.

"पाणी तर थांबलं नाही," मी म्हणालो.

"नाही थांबत तं नाही थांबत. आता सांगता तं येईन, का हा डोया असाच आहे. आधी मलेच मालूम नव्हतं, तिथल्या बाईले काय सांगू?"

ती आत गेली, मी बाहेर ओट्यावर बसलो. बराच वेळ आतून तिचा एकटीचा आवाज येत होता. नंतर त्या बाईचाही येऊ लागला. मग दोघी हसल्या. अगदी थोडेसे, पण हसल्या. त्या घरातून आलेला तो आवाज ऐकून समोरचा शेजारी दाराशी येऊन उभा राहिला.

ती बाहेर आली, पदराने गाल पुसला आणि म्हणाली, "चला." आत काय झाले ते मी विचारले नाही. नागपूरला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी मनात जुळवत होतो. ते पत्र गेले. उत्तर आले नाही, आणि आता मला ते नकोही आहे. मला तो ओटा हवा आहे, ती दुपार हवी आहे, आणि ती उंबऱ्यातून बाहेर येताना एवढेच विचारायचे आहे: कायले हसल्या वं तुमी दोघी?