अडीच हातांची जागा

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, आणि सकाळी तलावावर फिरायला येणाऱ्या आमच्या टोळक्याला तर नाहीच नाही. त्यांच्या कानावर घातलं की दुपारपर्यंत सदर बाजारात पोचलंच समजा. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हेच बरं आहे.

गोष्ट एका खेळण्याची आहे. हसू नका. खेळण्यातल्या रेल्वे स्टेशनात दोन लायनींमधे किती जागा सोडायची — एवढीच. यात कबूल करण्यासारखं काय आहे, म्हणाल? मीही बरेच दिवस स्वतःला हेच विचारत होतो.

रायपूरहून धमतरीला एक गाडी जायची. कागदावर नॅरोगेज, आमच्यासाठी छोटी लाईन. काय तिची चाल सांगू! पोट्टे पुढच्या डब्यातून उतरायचे, रुळाकाठची बोरं तोडायचे आणि पळत पळत मागच्या डब्यात चढायचे. डब्यात भाजीच्या टोपल्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, कोणाची सायकल, आणि त्या सगळ्यात आपण. डोळ्यात कोळशाची कणी गेली नाही असा प्रवास मला आठवत नाही. आता शहरातल्या तिच्या जागेवरून गुळगुळीत रस्ता गेलाय. माझा मुलगा रोज त्यावरून ऑफिसला जातो. त्याला मी एकदा म्हटलं, अरे, तू आमच्या गाडीवरून गाडी नेऊन राहिलास. "अच्छा?" म्हणाला, आणि हेल्मेट घातलं.

मी नकाशेवाला माणूस. सरकारी नोकरीत जन्मभर नकाशेच काढले. घरात माझा लौकिक एकच — हा माणूस मोजल्याशिवाय बोलत नाही. पडद्याचं कापड असो की गणपतीचं मखर, वाद रंगला की शैला, म्हणजे माझी बायको, मधे पडून म्हणायची, "जाऊ द्या, ह्यांनी मोजलंय." की सगळे गप्प. मला ते आवडायचं. खरं सांगतो, फार आवडायचं.

छोटी लाईन बंद झाली तेव्हा मी रिटायर होऊन बसलो होतो. ठरवलं, वाटेवरचं अभनपूरचं स्टेशन करायचं. लहानसं, बैठकीतल्या टेबलावर मावेल असं, पण हुबेहूब. अभनपूरच काहून? शैलासाठी.

तिचे बाबा छोट्या लाईनीवर गार्ड होते. ती पाच-सहा वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर मामाकडे, धमतरीला चालली होती. अभनपूरला समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत हिची गाडी थांबली. आणि त्या समोरच्या गाडीवर बाबा होते. आता गार्डाचा डबा सगळ्यात मागे. त्यामुळे ती गाडी सुटली की गार्ड उभ्या गाडीच्या एकेका खिडकीसमोरून सावकाश पुढे सरकतो. बाबा दारातून वाकले. हिनं गजांतून हात बाहेर काढला. आणि त्यांनी तिच्या हातात रुमाल ठेवला — पिकलेले तेंदू, म्हणजे टेंभरं, बांधलेला. गाडी निघून गेली. बस, एवढंच. त्याच पावसाळ्यात तापानं ते गेले.

"चेहरा मले फोटोमुळं आठवते," ती म्हणायची, "पण त्यांचा हात माझा मलेच आठवते. खरखरीत होता, अन् गरम." गोल बाजारात तेंदू आले की दरवर्षी ही गोष्ट व्हायचीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, एक उन्हाळा चुकला नाही. मी कधी कधी कंटाळायचो. मान डोलवत पेपर वाचायचो.

तर स्टेशन. मी टेप घेऊन स्कूटरवर अभनपूरला गेलो. तेव्हा रूळ अजून होते, गवतात बुडालेले. एका लायनीपासून दुसरीपर्यंत मोजलं. दोन्हीकडे डबे उभे केले तर मधे किती उरतं त्याचा हिशेब केला. उरत होते जेमतेम अडीच हात. म्हणजे इकडून एक पोरगी आणि तिकडून एक वाकलेला माणूस — हातात हात आरामात येतो. तिथं उन्हात उभं राहून मी पुन्हा एकदा मोजलं. घरी जाऊन तिला सांगायचं ठरवलं. मग म्हटलं, नको, तयार स्टेशनच दाखवू.

प्लायवूड गुढियारीच्या बाजारातून आणलं. गिट्टी चाळून बारीक केली. भांडी घासायच्या काथ्याची झाडं केली. माणसं शैलानं केली, काड्यापेटीच्या काड्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून. आणि एक गार्ड केला. पांढरा डगला, आणि तांब्याच्या तारेचा हात, लांब केलेला. गार्डाच्या डब्याच्या दारात तिनं स्वतः चिकटवला.

अडचण आली ती काट्यांची. एका लायनीतून दुसरी जिथं फुटते तो रुळाचा तुकडा म्हणजे काटा. मुलानं बाहेरून मागवले होते. सुंदर होते हो, हातात धरून बघत बसावं असे. पण हे बनवणारे दोन लायनींमधे मोकळी जागा सोडतात — डबा पडला तर उचलायला बोटं जावीत म्हणून. काटे जसेच्या तसे लावले की दुसरी लाईन आपोआप लांब जाऊन पडते. जवळ आणायची तर दोन्ही काटे करवतीनं कापावे लागतात. मी करवत आणली. टेकवली. आणि हात आखडला. बिघडले तर? एवढे छान काटे, आणि लोक म्हणतील, नकाशेवाल्यानं वाट लावली! करवत ठेवून दिली. लावले तसेच.

शैलानं दोन्ही गाड्या समोरासमोर ठेवल्या आणि वाकून बघितलं. गार्डाचा हात मधेच हवेत. "अहो, लायनी दूर झाल्या. हात पोचून नाही राहिला." मी म्हटलं, बघू.

बघू! मी काय बघणार होतो?

याच सुमारास दुसरं काही सुरू झालं होतं. भाजीत दोनदा मीठ. किल्ल्या फ्रिजमधे. एकदा दूध आणायला गेली ती शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका ओट्यावर जाऊन बसली, आपलं घर कोणतं ते कोणीतरी सांगेल म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही ऐकून घेतलं आणि घरात एक गोष्ट न बोलता ठरली — "विसरली" हा शब्द तिच्यासमोर काढायचा नाही. सुनेनं पाळलं. मुलानं पाळलं. तिला सगळं कळत होतं तेव्हा. जे आठवतंय ते मुठीत घट्ट धरून होती. दिवसातून दोन-तीनदा स्वतःशीच भावंडांची नावं म्हणायची.

आणि गणपती आले. आमच्या मंडळात दरवर्षी देखावा असतो, त्यावर्षी माझं स्टेशन ठेवलं. गर्दी झाली बघा! म्हातारी मंडळी चष्मे पुसून पुसून बघत होती. कोणी म्हणे, हा चहाचा ठेला इकडे होता. कोणी म्हणे, वा, डिट्टो. मी झब्बा घालून बाजूला उभा, फुगलेला. शैला बायकांना बाबांची गोष्ट सांगत होती. छान सांगत होती, एक शब्द न अडखळता. शेवटी म्हणाली, "फक्त ह्यांनी लायनी दूर ठेवल्या. खऱ्या जवळ होत्या. नाहीतर हात कसा पोचला असता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काय जात होतं माझं? हव, म्हणजे हो, एवढंच म्हणायचं होतं. हव, ही बरोबर बोलून राहिली, मीच कापायला भ्यालो. अडीच हात — आकडा जिभेवर होता. ती तसूभरही चुकली नव्हती. साऱ्या रायपुरात त्या दिवशी तो आकडा दोघांनाच ठाऊक होता. मला टेपमुळे, आणि तिला...

मी हसलो. म्हणालो, "हिचं काय मनावर घेता? हिला आजकाल सकाळचं दुपारी आठवत नाही. मी स्वतः मोजलंय."

झालं. सांगून टाकलं तुम्हाला.

लोक हसले. वाईट हेतूनं नाही, बायकोची चेष्टा केली की हसतात तसे. शैलाही हसली, जरा उशिरा. मग म्हणाली, "हव. ह्यांनी मोजलं तर तसंच असन."

घरी आम्ही ई-रिक्षानं निघालो. घर जवळ आलं तसं तिनं हळूच विचारलं, "मग तो रुमाल मले कोणी देला असन?"

तेव्हा तरी सांगावं ना? रिक्षात तिसरं कोणी नव्हतं ऐकायला, रिक्षावाल्याशिवाय. मी म्हणालो, "खाली उतरून दिला असेल बाबांनी. लहान होतीस तू." म्हणजे पहिल्या खोट्यावर दुसरं. ती "असन" म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

स्टेशन घरी परत आलं. दोन दिवसांनी बघतो तर गार्डाचा हात खाली वळवलेला, अंगाला चिकटून. कोणी वळवला ते मी विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी तेंदू आणले. मुद्दाम मोठे मोठे निवडून आणले. तिनं ते खाल्ले, बिया ताटलीत काढल्या, हात धुतले. मी पेपर बाजूला ठेवून वाट बघत बसलो होतो. ती गोष्ट तिनं त्या उन्हाळ्यात सांगितली नाही. नंतरही नाही.

काटे मी मागच्या थंडीत कापले. एका दुपारचं काम निघालं. एका दुपारचं! काहीसुद्धा बिघडलं नाही. दुसरी लाईन आत घेतली, गिट्टी पसरली, गाड्या समोरासमोर लावल्या. मग चिमट्यानं गार्डाची तार सरळ केली. हात बरोब्बर खिडकीला टेकला.

सुनेनं तिला धरून टेबलापाशी आणलं. शैला आता घरातल्या घरातही पाहुण्यासारखी वावरते, विचारून बसते. सून म्हणाली, "आई, देखिए, आपके बाबा. यहीं रुमाल दिया था ना?"

शैलानं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं बोट पुढे केलं आणि गार्डाचा हात अलगद खाली वळवला. लागेल कोणाला, अशा मायेनं.

आणि माझ्याकडे वळली. त्या दिवशी मी कोण ते तिला उमगत नव्हतं.

"नाही पोचत हो भैया," म्हणाली. "लोक काहीबाही सांगतात. आमच्या ह्यांनी मोजलंय."

मी म्हणालो, "हव."