द्राक्षाला दिलेला ताण

बागेत पाणी मी सोडलं होतं. कॉक माझ्या हातानं उघडला, भर दुपारी. तो बंद करा म्हणणारी बाई तेव्हा माझ्यासमोर उभी होती. मणी तडकून बाग नासली, तेव्हा चार लोकांत मी बोट तिच्याकडेच दाखवलं. एवढं साधं वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत तिचं काय झालं ते मला रोज दिसत होतं.

आमचा भाग संत्र्याचा आणि कापसाचा. सौंसरहून लोधीखेड्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हेच दिसतं. द्राक्ष इथं कोणी लावत नाही. मी नाशिककडच्या बागा एकदा पाहून आलो, लोंबणारे घड पाहिले, आणि दोन एकरांत लोखंडी अँगल रोवून तारांचा मांडव घातला. रस्त्यानं जाणारे गाडी थांबवायचे. "काय भाऊ, नाशिक उचलून आणून राहिले काय सौंसरले?" मला ते ऐकायला आवडायचं. खरं म्हणजे बाग मी त्यासाठीच लावली होती.

बाग उभी केली ती त्याच बाईनं. गावच्या बौद्ध वस्तीत राहणारी, पन्नाशीची, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. नवऱ्यासोबत तिनं नाशिककडच्या द्राक्षबागांत पंधरा वर्षं काढली होती. नवऱ्याची कंबर गेली तेव्हा दोघं गावी परतले आणि ती मुकादम झाली. आमच्याकडे मुकादमाच्या शब्दावर काम चालतं. शेतकरी तिच्याशी बोलतो, ती बाया आणते, कामाची हमी तिची असते. तिच्या हाताखाली अकरा बाया होत्या. घड तळहातावर कसा तोलायचा, मण्यांवरची पांढरी लव न पुसता आतले मणी कात्रीनं कसे विरळ करायचे, हे तिनं त्यांना एकेक करून शिकवलं. पहिला माल धरला तो तिच्यामुळे. लोकांना मी सांगायचो, "पुस्तकं वाचून केलं."

आता ताणाचं सांगतो. संत्र्याला आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारं फूल, हवा असेल तर थंडीत झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही गळतातही, झाड तहानेनं हैराण होतं. मग एक दिवस मोटारीला हळद-कुंकू लावायचं आणि झाडाभोवतीची आळी तुडुंब भरायची. पंधरा-वीस दिवसांत झाड फुलांनी पांढरं होतं. ताण देणं आणि ताण तोडणं, यातच आमच्याकडे शेतकऱ्याची अक्कल मोजतात. माझ्या वडिलांनी हेच केलं, मीही हेच करत आलो. त्या थंडीत संत्र्याचं पाणी तोडलं तेव्हा वाटलं, तहानेनं संत्र्याला फूल येतं, तशी द्राक्षाला साखर येईल. मण्यांत पाणी भरायला लागलं होतं, नेमकं तेव्हाच मी ठिबक बंद केलं.

दुसऱ्याच दिवशी बाई आली.

"मालक, ठिबक बंद दिसून राह्यलं. मोटार बिघडली काय?"

"ताण दिला."

"द्राक्षाले?" तिला वाटलं मी गंमत करतोय. "असा ताण नाही देत जी द्राक्षाले. पाणी कमी करते हळूहळू, पन एकदम बंद नाही करत. आता तर मणी फुगून राह्यले."

"बाई, माझ्या बापानं ताण देऊन देऊन बगीचा वाढवला. तू मले ताण शिकवते?"

"संत्र्याचं तुमीच सांगा. हा द्राक्षाचा येल आहे."

"इतकं समजते तर नाशिकले वापस जाय. इथं काऊन आली?"

बाया हसल्या. मालक बोलला म्हणून हसल्या, हे मला तेव्हाही कळत होतं. बाई हसली नाही. कात्री घेऊन ओळीत शिरली.

पंधरवड्यात पानं खाली वळली. फाल्गुन लागला आणि दुपारचं ऊन एकदम तापलं. मणी बोटाला मऊ लागायला लागले. ती रोज सकाळी एकच विचारायची, "आज सोडता काय, मालक? तासभर सोडा." मी रोज नाही म्हणायचो. तिच्या विचारण्यानंच माझा हट्ट वाढत होता. ती एखादा दिवस गप्प बसली असती तर कदाचित मी सोडलंही असतं. हे लिहितानाही मी दोष तिच्याकडे ढकलतोय, हे कळतं मला.

मग नागपूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला. चार दिवसांनी माल पाहायला येतो म्हणाला. मी घाबरलो. मणी सुकल्यासारखे दिसत होते, त्यांना फुगवटा हवा होता. संत्र्याचा ताण तोडतात तसाच तोडायचं ठरवलं. तो सौंसरच्या बाजाराचा दिवस होता, बायांना सुट्टी होती. मोटारीला हळद-कुंकू लावलं, मोठ्या पाइपाचा कॉक पूर्ण उघडला आणि ओळीओळीतून पाणी सोडलं.

बाई आदल्या दिवशी विसरलेली कात्री न्यायला आली होती. पाणी पाहून ती धावतच आली.

"बंद करा जी! मालक, बंद करा. इतकं पाणी नोका देऊ. येल उपाशी आहे, एकदम पेईन. सारे मणी तडकतीन."

"तू बाजारात जाय."

"पाया पडतो तुमच्या. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं असं द्या."

ती कॉककडे वाकली. मी तिचा हात झटकला. "माहं वावर आहे," मी म्हणालो. तिनं चपला हातात घेतल्या आणि चिखलातून बाहेर गेली. पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालू होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मण्यांवर चिरा दिसल्या, देठाजवळ, नखानं ओढल्यासारख्या. दुपारपर्यंत रस गळायला लागला. गांधीलमाश्या आल्या, मुंग्या आल्या. व्यापारी आला तेव्हा बागेला आंबूस वास सुटला होता आणि शेजारच्या शेतातून संत्र्याच्या फुलांचा वास येत होता.

व्यापाऱ्यासोबत गावचे तीन शेतकरी होते. नाशिक कसं दिसतं ते पाहायला आलेले. अकरा बाया ओळींत उभ्या होत्या. व्यापाऱ्यानं एक घड उचलला, पाहिला, खाली ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली.

"पाणी कोणी सोडलं इतकं?"

मी क्षणभरही विचार केला नाही, हे मला सगळ्यात जास्त खातं. उत्तर जसं तयारच होतं.

"या बाईनं. संध्याकाळी कॉक बंद कराचं काम हिचं. खुला ठेवून गेली बाजारात."

ताण देण्याआधी रोज संध्याकाळी ठिबक बंद करायचं काम तिच्याकडे होतं, हे खरं होतं. म्हणून खोटं नीट बसलं.

बाई जागेवरून हलली नाही. "मालक, माह्याकडं पाहून सांगा."

मी तिच्याकडे पाहिलं. आणि म्हणालो, "तुमच्या लोकाइले बगीचा कधी होता काय? दुसऱ्याचा बर्बाद करनं तेवढं येते."

एक शेतकरी घसा खाकरून दुसरीकडे पाहायला लागला. व्यापारी गाडीत बसला.

त्यावरही माझं समाधान झालं नाही. नासलेले घड तोडून खड्ड्यात पुरल्याशिवाय एकीनंही दुसरीकडे कामाला जायचं नाही, असा हुकूम मी सोडला. ती तेव्हाच निघून गेली असती तर बरं झालं असतं. पण अकरा जणींच्या कामाची हमी तिची होती. तीन दिवस ती घड तोडत होती, तिनं स्वतः वाढवलेले. गांधीलमाश्या चावून तिचा उजवा हात कोपरापर्यंत सुजला. मी बांधावर खुर्ची टाकून बसलो होतो. मला तो हात दिसत होता.

घरी बायकोनं एकदाच विचारलं, "त्या दिवशी तं बाजार होता. बाया वावरात कशा होत्या?"

"तू गप राह्य," मी म्हणालो. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही, आणि इतर विषयांवरही कमीच बोलायला लागली.

कॉक खुला ठेवल्याचं माझं ते वाक्य गावात फिरलं. आमच्याकडे सगळा जीव पाण्यात असतो, त्यातही ताण तोडायच्या दिवसांत. ज्या माणसाच्या हाती कॉक देता येत नाही, त्याला बागेत कोण घेईल? पुढच्या हंगामात तिला एकानंही बोलावलं नाही. बाया काही दिवस थांबल्या, मग एकेक करून पिकअपवाल्या दुसऱ्या मुकादमाकडे गेल्या. तिची मुकादमी संपली. ती पांढुर्ण्याला संत्र्याच्या शेडवर माल निवडायला जायला लागली, सकाळच्या बसनं. लोक तिला कॉकवाली म्हणायला लागले. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर मी ते पहिल्यांदा ऐकलं. "चालली पाहा कॉकवाली, बस लीक होईन आता," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

वेल मी पुढे उपटून टाकले. तिथं संत्रा लावला.

यंदा फाल्गुनात माल घेऊन मी पांढुर्ण्याच्या त्या शेडवर गेलो. ती जमिनीवर पोतं अंथरून बसली होती, लहान-मोठी फळं वेगळी करत. बाहेर नळाखाली हात धुऊन, नळ बंद करून कोणीतरी नुकतंच गेलं होतं. शेडवरचा माणूस ओरडला, "ए कॉकवाली, नळ पाह्य वो! नाही तं पांढुर्णा बुडवशीन." बाया खिदळल्या. तिनं मान वर केली नाही. उठली, नळापर्यंत गेली, बंद असलेला नळ पुन्हा आवळला, आवळून पाहिला, आणि जागेवर येऊन बसली. हातातली फळं तिनं निवडायला घेतलीही होती. मी मात्र तिथून हललो नव्हतो.

चार दिवसांनी मी तिच्या घरी गेलो. तिचा नवरा आत बाजेवर होता. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, माझी चूक झाली," मी म्हणालो. "मी माफी मागायला आलो."

तिनं आत नवऱ्याच्या बाजेकडे एकदा पाहिलं.

"इथं कायले सांगता?" ती म्हणाली. "इथं तं सारं माहीतच आहे. मले माहीत आहे, याइले माहीत आहे. ज्याइच्यासमोर बोलले, त्याइच्यासमोर बोला."

"लोक काय म्हणतीन..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"मले म्हनतेतच," ती म्हणाली आणि पेला उचलून आत गेली.

त्यानंतर आठ दिवस मी लोकांसमोर न बोलायची कारणं शोधली. व्यापाऱ्याला फोन करून खरं सांगितलं. त्याला ती बाग नीट आठवतही नव्हती. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. फोनवर बोलायला कोणालाच हिंमत लागत नाही.

नवव्या दिवशी सकाळी स्टँडवर गेलो. तिथं त्या वेळी सगळेच असतात. पिकअपची वाट पाहणाऱ्या बाया, मजूर ठरवायला आलेले शेतकरी, टपरीवरचे लोक. तिच्या अकरांतल्या सात-आठ जणी होत्या. बागेत आलेल्या तिघांपैकी दोन शेतकरी चहा पीत होते. ती बाजूला, पांढुर्ण्याच्या बसची वाट पाहत, डबा पोटाशी धरून उभी होती.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "बाई, माझ्याकडून चूक झाली होती," मी म्हणालो. आवाज फारसा निघाला नाही.

टपरीवरून एक जण म्हणाला, "जोरात बोला ना भाऊ, कायची चूक?"

बाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "कोणती चूक?" तिनं मलाच विचारलं. "सांगा."

पिकअप आली होती. बाया चढायच्या थांबल्या. मी लोकांकडे तोंड केलं.

"बागेत पाणी मी सोडलं होतं. बाजाराच्या दिवशी, माझ्या हातानं. या तिथं आल्या, नका सोडू म्हणाल्या, पाया पडल्या. मी यांचा हात झटकला. ताण द्या असंही यांनी कधी सांगितलं नव्हतं, रोज थोडं पाणी सोडा म्हणत होत्या. बाग नासली ती माझ्यामुळे, आणि मी खोटं यांच्यावर घातलं. यांच्या लोकांवरून जे बोललो ते त्याहून वाईट होतं." मग मी तिच्याकडे वळलो. "तुम्ही कॉक कधीच उघडा ठेवला नाही. मी खोटं बोललो, आणि तीन वर्षं ते तसंच राहू दिलं. मला माफ करा."