मिसलीच्या जागी ठेवलेला रुक्का

भाद्रपद शुद्ध नवमी, शके १८७०. जामबाग.

यांना नेलं त्याला आज चौथा दिवस. जप आटोपून यांच्याविषयी लिहायला बसले आहे, पुढे मुलांना ठाऊक असावं म्हणून.

अदालतीत हे मुन्सरिम. निकाल जज्जसाहेबांचा, पण प्रत्येक खटल्याची मिसल, म्हणजे सारे कागद, यांच्या ताब्यात. मिसल दप्तरातून निघाली की तिच्या जागी रुक्का ठेवायचा: कोणी नेली, कधी, कुठे. बावीस वर्षांत यांचा एक रुक्का चुकला नाही. कचेरीची टाचणीसुद्धा घरी आली नाही. मी चिडवायची, "तुमच्यापेक्षा तुमचा शिपाई उमाजी बरा, निदान शाई तरी नेतो घरी."

"म्हणूनच तो शिपाई आहे," हे म्हणायचे.

त्यामुळे चतुर्थीच्या संध्याकाळी यांनी शेरवानीखालून मिसल काढली, तेव्हा मी आधी दाराला कडी घातली. परभणीकडच्या एका गावात बंदूकवाल्यांनी घरं पेटवली, सात माणसं जळाली. त्यांच्या बायकांचे जबाब त्यात होते, खाली अंगठे उठवलेले. दुसरी प्रत नाही.

"उद्या ही जाळायला नेणार आहेत," हे म्हणाले, आणि ती गणपतीच्या चौरंगाखाली सारली.

जेवताना यांचा घास हातातच राहिला.

"अहो, काय झालं?"

"रुक्का ठेवून आलो."

"काय लिहिलंत?"

"लिहितात तेच. एकनाथराव मुन्सरिम, घरी, जामबाग."

सवयीचा हात! सकाळी कचेरी उघडताच हे तो काढायला धावले. मला धीर निघेना. मिसल निर्माल्याखाली टोपलीत घातली आणि नारायणगुड्याला माझ्या मैत्रिणीकडे, सुशीलाबाईंकडे ठेवून आले. यांना सांगितलं नाही. खोटं बोलणं यांना जमतच नाही.

हे परतले. रुक्का जागेवर नव्हता.

दुपारी मोटार थांबली. तिघे उतरले, खांद्याला बंदुका.

"मुन्सरिमसाब, मिसल?"

"हुकमाशिवाय देता येत नाही. जज्जसाहेबांची सही आणा."

"सही होना बोलते!" एकजण हसला.

बुटांनिशी देवघरात शिरले. चौरंग उचलला. खाली काही नाही. त्यांच्यापेक्षा हेच जास्त चकित झाले. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि यांना उमगलं.

"किधर है?"

"मला ठाऊक नाही."

ते खरंच होतं.

"चलो, मोटर में बैठो."

मी एका जागेचं नाव घेतलं असतं, तर हे आज पाटावर जेवायला असते. ते अंगठे डोळ्यांसमोर आले. नाम घेत राहिले, दुसरा शब्द तोंडातून काढला नाही. यांनी टोपी नीट केली. "आरतीला उशीर करू नकोस," एवढंच म्हणाले.

दिल्लीची फौज सरहद्दीवर आली आहे म्हणतात. उमाजी रोज ठाणी फिरून येतो. यांचं नाव कुठल्याच वहीत नाही म्हणतो.