बर्फातली इंजेक्शनं

“प्रोटीन एस डेफिशियन्सी,” पालघरच्या डॉक्टर म्हणाल्या. रक्त उगाच गोठू नये म्हणून शरीरात एक प्रथिन असतं, ते माझ्यात जन्मतःच कमी. सहाव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं, मागोमाग डावा पाय सुजला आणि शिरेत रक्ताची गाठ निघाली, म्हणून ही तपासणी. “आई किंवा वडिलांकडून आलं असणार. पुढच्या वेळी पहिल्यापासून इंजेक्शनं घ्यावी लागतील.”

माझा विश्वास बसला नाही. मी मुळातच संशयी. लॅबवाल्यानं बाटल्यांची अदलाबदल केली असेल म्हणून बोईसरला जाऊन पुन्हा रक्त दिलं. तिथंही तेच. मग एडवणला माहेरी जाऊन आईला खोदून विचारलं. मावशी बाळंतपणात नजर लागून गेली, एवढंच मला ठाऊक होतं. शेवटी आई म्हणाली, “तिचा पाय पन सुजला होता. सांगितलं असतं तर तुझं लगीन जमलं असतं काय?” मला तिचा भयंकर राग आला.

पुन्हा दिवस राहिले. हेपरिन, म्हणजे रक्ताची गाठ होऊ न देणारं औषध, रोज पोटाला टोचायचं. शिरगावला माझं सासर; सासूबाई मासळी विकतात. सुई दिसली की त्या तोंड फिरवायच्या. एका सकाळी कपाटातली इंजेक्शनं गायब. मनात आलंच, माझं खराब रक्त घरात नको म्हणून यांनीच फेकली. तोंडावर विचारलं.

“फेकू कशाला? उकाड्यानं खराब होतील म्हनून बर्फात ठेवली,” असं म्हणत त्यांनी मासळीची पेटी उघडली. “मावरं टिकतं, औषध नाय टिकनार?” पापलेटांखाली, मीठ मारलेल्या बर्फात, सगळं औषध कडक गोठलेलं.

हसावं की रडावं कळेना. फोनवर डॉक्टर म्हणाल्या, “गोठलेलं औषध वापरू नका. नवीन आणा, आजचा डोस चुकवू नका.” सासूबाई विक्री टाकून माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. औषधवाल्याला ते कुठं ठेवायचं, हे त्यांनी तीनदा विचारलं.

तुमच्या घरात कुणी बाळंतपणात पाय सुजून गेलं असेल, तर नजरेवर ढकलू नका. डॉक्टरांना आधी सांगा.

मला मुलगी झाली. तिच्यातही हा दोष असू शकतो, असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा मी सासूबाईंचा चेहरा निरखत होते.

“असू दे,” नातीला मांडीवर घेत त्या म्हणाल्या. “आमचंच मानूस हाय ती.”

या वेळी मी त्यात दुसरा काही अर्थ शोधला नाही.