सावकाश या

पहिल्याच भेटीत अक्कांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला. तोवर आमची साधी ओळखही नव्हती. सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी येरझाऱ्या घालत होते. आत माझे वडील, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले दादा, अखेरच्या अवस्थेत होते. आज किंवा उद्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुण्याहून माझा धाकटा भाऊ संजय येईपर्यंत ते राहतील का, एवढाच प्रश्न होता.

मी त्याला फोनवर म्हटलं, "दादा सीरियस आहेत, लगेच निघ." तो हळूच म्हणाला, "कधी गेले, ताई?"

त्याची तरी काय चूक? आपल्याकडे माणूस गेलं तरी लांबच्याला तसं कोणी सांगत नाही. सीरियस आहे, निघून ये, एवढंच सांगतात आणि ऐकणारा काय ते समजतो. दादा आहेत म्हणून मी शपथ घातली, तरी संजय मलाच धीर देऊ लागला. भावकीला कळवतो, वाटेत कुर्डुवाडीला थांबून आत्याला गाडीत घेतो, तू रडू नकोस. या सगळ्यात दिवस गेला असता.

तेव्हाच एका ठेंगण्या बाईंनी माझ्याकडून फोन घेतला, तरातरा आत गेल्या आणि तो दादांच्या तोंडापाशी धरला. दादांचा घरघरता श्वास पुण्यापर्यंत पोचला.

"ऐकलं न्हवं? हे तुमचे वडील," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "आता कुटं थांबू नका. सरळ हितं या."

पलीकडून संजयने दादांना हाक मारली. मग फोन बंद झाला. तो निघाला होता.

या नागमणी अक्का. विणकरांच्या घरातल्या, घरात तेलुगू, बाहेर खास सोलापुरी मराठी. शेवटच्या दिवसांत रुग्णाच्या घरच्यांना सांभाळायचं, ही त्यांची दवाखान्यातली नोकरी. त्यांच्या खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर नेहमी दुसरंच कोणीतरी रडत बसलेलं असायचं. अक्का आपल्या चालत्या.

चालणं मलाही थांबवता येत नव्हतं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. याद्या केल्याशिवाय मला चैन पडत नाही. शववाहिका, दाखला, कुणाला आधी कळवायचं, सगळं मी कागदावर उतरवलं होतं. अक्कांनी त्यावर नजर टाकली.

"हे समदं मेल्यावरचं हाय की," त्या म्हणाल्या. "ते कोण पळवून न्हेत न्हाय. आता जित्याचं काम करा."

जित्याचं काम म्हणजे ओला कापूस घेऊन दादांचे ओठ भिजवायचे आणि त्यांच्याशी बोलायचं. काय बोलू, मी विचारलं. रोज काय बोलता तेच, अक्का म्हणाल्या. मग मी कारखान्याच्या भोंग्याचं बोलले, बंद पडलेल्या मिक्सरचं बोलले. दर थोड्या वेळाने उठून लिफ्टपाशी जाऊन संजय आला का बघायचे. व्हरांड्यात अक्का भेटायच्या आणि दादांच्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवायच्या.

संजय संध्याकाळी पोचला. दादांनी डोळे उघडले नाहीत, पण त्याने हात हातात घेतल्यावर बोटं आवळली. उजाडताना ते गेले.

"आता आत्याला काय सांगायचंय?" अक्कांनी विचारलं. मी म्हटलं, सीरियस. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "गेले म्हणून सांगा. आनी सावकाश या म्हणा. गेलेल्याला घाई नसती."

मी तसंच सांगितलं. आत्या रडता रडता मला बोलली, काय जिभेला हाड हाय का न्हाय तुझ्या, आधी सीरियस म्हणायची रीत असती. पण ती आली नीट, वाटेत कुणालाही "आता कसं आहे" असं न विचारता.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि अक्कांचा फोन आला. घर आता रिकामं झालं आसंल, म्हणून आता विचारते, झोप लागती का? पुढेही त्या विचारत राहिल्या. एकदा दवाखान्यात त्यांना भेटायला गेले तेव्हा मीच विचारलं, हे सारं कुठून शिकलात? त्यांचे यजमान सुरतेला कापडाच्या मागावर कामाला होते. सीरियस आहेत, असा निरोप आला. अक्कांनी त्यांच्या आवडीची अंबाडीची भाजी केली, ज्वारीची भाकरी बांधली आणि अख्ख्या प्रवासात डबा मांडीवर धरून बसल्या. "आपलं मानूस जेवंल म्हणून. डबा तसाच माघारी आला," एवढंच बोलून त्या पुढच्या खाटेकडे निघाल्या.

यंदा उन्हाळ्यात मी स्टोअरमध्ये माल मोजून घेत होते. फोनवर अक्कांची मुलगी होती. तिचे शब्द सरळ आले. "मावशी, अक्का गेली. सावकाश या."

मी घरी गेले. अंबाडीची भाजी केली, भाकऱ्या थापल्या, डबा बांधला. अक्कांना तेव्हा नव्हतं, पण डबा कुणासाठी नेतेय, हे मला ठाऊक होतं. तिकडे ती पोरगी सकाळपासून उपाशी होती.