रविवारच्या बाई

रविवारच्या बाईंनी पहिल्या भेटीत मला माझं नाव विचारलं नाही. नवरा कुठल्या कंपनीत, माहेर कुठलं, मुलंबाळं किती, यातलंही काही विचारलं नाही. लग्न होऊन मोहोपाड्याला आल्यापासून असं न विचारणारं माणूस मला भेटलंच नव्हतं. मी बागेतल्या बाकावर छत्री उघडून बसले होते. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. पायात पावसाळी चपला, साडी घोट्याच्या वर खोचलेली, अंगात कुणातरी पुरुषाचा जुना रेनकोट.

"आज काय बघितलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. नुसती बसलेय."

"मग उठा. पावसाळी फेरी सुरू होतेय."

मी इकडेतिकडे पाहिलं. फेरीला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तरी त्यांनी फेरी काढली. भिंतीवरचं शेवाळ, उंबराच्या खोडावरून निघालेली गोगलगाय, गटाराच्या कडेला उगवलेला टाकळा, सगळ्यांसमोर आम्ही थांबलो. एका पिवळ्या रानफुलाचं नाव मी विचारलं, तर म्हणाल्या, "माहीत नाही. नावं मागाहून कळतात. आधी बघून घ्या." मागाहूनही त्यांना पुष्कळ नावं कळलेली नव्हती. एकदा पनवेलहून कॅमेरा घेऊन आलेल्या एका मुलाने त्यांच्या दोन पक्ष्यांची नावं चुकीची ठरवली, तेव्हा त्या खूश झाल्या आणि त्यालाच पुढे घालून मागून चालू लागल्या. तो पुन्हा आला नाही. बाई पुढचे कित्येक रविवार गेटकडे बघायच्या.

त्या बालवाडीच्या शिक्षिका होत्या. यजमान कारखान्यात होते, ते निवृत्तीआधीच गेले. मुलगा बंगळुरूला. बागेतले कार्यक्रम त्यांनी कारखान्याची वसाहत भरलेली होती तेव्हा सुरू केले. उन्हाळ्यात वडाखाली लगोरी आणि सूरपारंब्या, पावसाळ्यात फेरी, थंडीत धुक्यातून चालणं आणि शेवटी थर्मासमधला गवती चहा. गेटजवळच्या फळ्यावर त्या शनिवारी संध्याकाळी खडूने कार्यक्रम लिहून जायच्या. खाली नेहमी एकच ओळ असायची, "सर्वांनी यावे." वॉचमन रामभाऊ सांगायचे, "तवा पोरं एवढी यायची, की मला झोपाळ्याशी उभं राहून रांग लावाय लागायची." मी आले तोवर जुन्या कंपनीची माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावोगाव पांगली होती. क्वार्टर्सच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. नव्या इमारतींतली मुलं रविवारी क्लासला जायची. फळ्यावरची ओळ मात्र तशीच होती.

मी दर रविवारी जाऊ लागले. खरं सांगायचं तर झाडांसाठी नाही. नवरा शिफ्टला गेला की घरात दिवसभर मिक्सर आणि कुकर यांच्याखेरीज आवाज नसायचा. खाली उतरलं की बायका हसून विचारायच्या, "काय, काही बातमी?" बातमी नव्हती आणि ती नाही हे दर वेळी नव्याने सांगावं लागायचं. बाईंच्या फेरीत त्या प्रश्नाला जागाच नव्हती. तिथे तांबट पक्षी कुठून बोलतोय ते शोधायचं असायचं. फेरी संपताना त्या वडाखाली उभं करून डोळे मिटायला सांगायच्या. थोडा वेळ नुसतं ऐकायचं. मग म्हणायच्या, "झालं. आता घरी जायला हरकत नाही." त्या वाक्याने मला खरोखरच घरी जाता यायचं.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा बुद्धपौर्णिमेला गेले. दोन खोल्यांचं घर, दारावर पंचशील झेंडा, आत फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढे पांढरी चाफ्याची फुलं. बाईंनी वाटीभर खीर दिली, दुसरी वाटी भरली आणि ती झाकून ठेवली. "कोणी येईल," असं म्हणाल्या. मी दुपारपर्यंत बसले. ती वाटी झाकलेलीच राहिली. निघताना त्यांनी ती मला डब्यात घालून दिली, जणू ती पहिल्यापासून माझ्याच नावाची होती.

दुसऱ्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली. त्या रविवारी नव्या इमारतीतली एक आई तिच्या लहान मुलीला घेऊन आली होती. बाईंना केवढा आनंद झाला होता. त्यांनी मुलीला करंजाच्या झाडापाशी नेलं आणि फांदीकडे बोट दाखवलं. "ते बघ बुलबुलाचं घरटं. आई आत बसलीय. शेपटी दिसते का?"

मुलगी बघत राहिली. तिच्या आईनेही पाहिलं. "बाई, तिथे तर काहीच नाहीये."

खरंच नव्हतं. घरटं आदल्या आठवड्यातल्या वाऱ्यात पडलं होतं. रामभाऊंनी ते झाडून कचऱ्यात टाकताना मी पाहिलं होतं. बाईंनी बोट खाली घेतलं नाही. "नीट बघा. पानांच्या मागे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता. आई मुलीचा हात धरून, "आम्हाला जरा घाई आहे," म्हणून निघून गेली. बाईंनी उरलेली फेरी पूर्ण केली. मी त्या दिवशी प्रथमच त्यांच्या पायांकडे पाहिलं. दर पावलाआधी त्या चपलेने जमीन चाचपत होत्या.

 पाऊस सरताना दर वर्षी बाई लोकांना कोंडाण्याच्या लेण्यांना न्यायच्या. त्या वर्षी आम्ही दोघीच गेलो. कोंडाणे त्यांचं माहेर. गावातून निघून ओढ्याच्या कडेने रान चढताना त्या माझ्यापुढे चालल्या, एकदाही न अडखळता. मीच दोनदा घसरले. लेण्यासमोर वरून पाण्याची धार पडत होती. आत कोरड्या दगडावर आम्ही फडकं सोडून भाकरी आणि सुकटीची चटणी खायला बसलो. शहरी मराठी त्यांनी बहुतेक खाली गावातच ठेवली होती.

"माझी आय या रानातनं भाजी न्यायची कर्जतच्या बाजाराला. शेवळं, कुर्डू, काय काय. मी तिच्या मागं मागं. त्यामुळं इथं मला डोळं लागत नाय," त्या म्हणाल्या. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाल्या, "तुला कळलंय ना गं?"

"हो," मी म्हटलं.

"काचबिंदू हाय. पनवेलचा डॉक्टर बोलला, गेली ती नजर परत येत नाय. कडंनं पडदा वडत आणल्यासारखं होतंय. मदी जरा फट हाय अजून."

"मुलाला सांगितलंत?"

"नाय. सांगितलं की तो नेणार. चांगला हाय तो, म्हणूनच नेणार." हातातला तुकडा चटणीला लावून त्या म्हणाल्या, "बाकीचं दिस कसं पण जातात. रविवार जात नाय. हे गेले त्या वर्षी मी रविवारी सकाळी उठायची आणि दुपार कधी व्हायची याची वाट बघायची. मग फळा आणला."

समोर पाणी पडत होतं. मी ते कसं पडतंय हे सांगू लागले. कुठे जाड आहे, कुठे विरलंय, उन्हाचा कवडसा आला की मधला भाग कसा कापसासारखा दिसतो. त्या ऐकत होत्या. मी म्हटलं, "छान दिसतंय," तर त्यांनी मला थांबवलं.

"छान बोलू नको. छान म्हटल्यानं मला काय दिसत नाय."

त्या दिवसानंतर फेरीत मी त्यांच्या डाव्या बाजूने चालायला लागले. मी हळू आवाजात सांगायचे, त्या मोठ्याने सगळ्यांना सांगायच्या. सगळे म्हणजे कधी दोन आजोबा, कधी रामभाऊ, पुष्कळदा कोणीच नाही. कोतवाल पक्षी तारेवर शेपूट कशी फाकवतो, उंबराची फळं कुठल्या बाजूने लाल होतात, हे मला आधी कधी बघावंच लागलं नव्हतं. आता बघावं लागायचं, कारण माझ्यानंतर दुसरं कोणी बघणार नव्हतं. बाईंची नजर जात होती आणि माझी येत होती. या गोष्टीचा मला आनंद व्हायचा आणि घरी आल्यावर त्या आनंदाची लाज वाटायची.

थंडी सुरू झाल्यावर नाक्यावर त्यांना एका मोटारसायकलचा धक्का लागला. हात मोडला. मुलगा विमानाने आला. उंच, हळू बोलणारा, आईसारखंच समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारा माणूस. त्याला सगळं कळलं तेव्हा तो चिडला नाही. हॉस्पिटलच्या बाहेर माझ्याजवळ उभा राहून एवढंच म्हणाला, "मी दर रविवारी संध्याकाळी फोन करायचो. ती मला तासभर बागेबद्दल सांगायची. मला वाटायचं, तिथे गर्दी असते."

मुलाबरोबर बंगळुरूला जायच्या आधीचा रविवार बाईंनी मागून घेतला. हात गळ्यात बांधलेला, तरी फळ्यावर कार्यक्रम लिहिला पाहिजे म्हणाल्या. त्यांनी सांगितला, मी लिहिला. वसाहतीत वाढलेल्या मुलांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. रामभाऊंच्या पुतण्याकडून मी त्यावर निरोप टाकला, की बाई जात आहेत, शेवटची फेरी आहे, सर्वांनी यावे. भराभर उत्तरं आली. हात जोडलेले, फुलं, "बाईंमुळे आमचं बालपण," "नक्की येतो." कोणी खोपोलीहून, कोणी ठाण्याहून येणार होतं. आदल्या दिवशी मी दुधाची जादा पिशवी आणून ठेवली.

सकाळी धुकं होतं. मी आणि बाई गेटपाशी थांबलो. रामभाऊ मधूनमधून रस्त्यावर जाऊन बघून यायचे आणि माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवायचे. ऊन वर येऊ लागलं. बाईंनी विचारलं, "किती जणं आलीत?"

"बरीच आहेत," मी म्हटलं. "जुनी मुलंही आलीत."

त्या सरळ उभ्या राहिल्या. पदर नीट केला. आणि त्यांनी पूर्ण फेरी काढली, आवाज चढवून, मागच्यांना ऐकू जावा असा. करंजापाशी थांबल्या, उंबरापाशी थांबल्या, भिंतीवर हात ठेवून वाळलेलं शेवाळ दाखवलं. रामभाऊ काठी काखेत घेऊन मागून चालत होते. वडाखाली त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले. मी मिटले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा ऐकत होता.

गेटशी आल्यावर त्यांनी चांगला हात माझ्या खांद्यावर ठेवला. "एवढी माणसं चालली, पण एका पानाचा आवाज नाय झाला," त्या म्हणाल्या. "शिस्तीची हाईत माझी पोरं."

मी त्यांना गाडीपर्यंत सोडलं. थर्मासमधला चहा रामभाऊ आणि मी दोघांनी प्यायला. बराच उरला.

बंगळुरूत त्या बाराव्या मजल्यावर राहत होत्या. खाली बाग होती, पण तिथल्या बायका कानडीत आणि तमिळमध्ये बोलायच्या. थोड्या दिवसांनी बाई खाली जायच्या बंद झाल्या. मुलाने मला विचारलं, बागेतले आवाज रेकॉर्ड करून पाठवाल का. मग मी रविवारी वडाखाली फोन धरून उभी राहायचे. तांबट, पाऊस, पानं, पहाटे आलेली बुलबुलांची जोडी. आपला आवाज त्यात जाऊ नये म्हणून मी श्वाससुद्धा जपून घ्यायचे. बाईंचं उत्तर फार येत नसे. कधीतरी मुलगा लिहायचा, "ऐकलं तिने."

त्या गेल्यावर तो मोहोपाड्याचं घर रिकामं करायला आला. मूर्ती आणि रेनकोट त्याने नेला. बाकीचं वाटून टाकलं. मी कपाट पुसत असताना तो म्हणाला, "तुम्ही पाठवलेलं आई सगळं ऐकायची. पण एक रेकॉर्डिंग ती मला सारखं लावायला सांगायची. शेवटी शेवटी तर रोज."

"कुठलं? तांबटाचं?"

"नाही. त्यात तुम्ही फोन बंद करायला विसरला होतात. पक्षी थोडेच आहेत सुरुवातीला. मग तुम्ही आणि वॉचमन बोलता. भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करायचं, असलं काहीतरी. ते म्हणतात ताक घाला, तुम्ही म्हणता चिंच. मी पक्ष्यांचं लावून द्यायचो, तर ती म्हणायची, ते नको, बोलण्याचं लाव."

रात्री मी ते शोधून ऐकलं. दर रविवारी केवढी जपून गप्प राहिले होते मी.

पुढच्या रविवारी बागेत झोपाळ्याजवळ एक बाई उभी होती. वसाहतीत नवीन आलेली असावी. मोबाइलमध्ये काही बघत नव्हती, कोणाची वाट पाहत नव्हती, नुसती साखळी धरून उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन बोलायला लागले. काय बोलले ते आता आठवत नाही. भेंडीबद्दलच असेल.